चू. भू. द्या. घ्या.

राइली हक्कारायनेन पेन्सिलीनं कोड तपासायची.
तांपेरे शहराचं पाणीपट्टी खातं, दुसरा मजला,
टेबलावर चौकटीचा कागद:
एका रकान्यात आय, दुसऱ्यात एन, तिसऱ्यात बेरीज.
स्वतःच यंत्र व्हायची ती.
ओळ वाचायची, जुना आकडा खोडायची, नवा लिहायची,
वळसा घेऊन पुन्हा वर जायची,
इतकी सावकाश, की कॉफी निवली तरी
तिसऱ्या ग्राहकाचं बिल व्हायचंच असायचं.

कारण कार्डांची पेटी पाचच्या बसनं
हेलसिंकीच्या संगणक केंद्रात जायची,
दुसऱ्या दिवशी दहाला परत.
एक स्वल्पविराम राहिला
की अख्खा दिवस पाण्यात.
म्हणून साडेतीनला ती आणि आउने समोरासमोर बसायच्या.
आउने मोठ्यानं वाचायची, कंससुद्धा:
"कंस सुरू. दर गुणिले एकक. कंस पूर्ण."
राइली लाल खूण करत जायची.

मग टर्मिनल आलं, आणि आर्मास आला.
"चालवून तर बघू," हेच त्याचं तपासणं.
कोडमध्ये जागोजागी तो पाट्या ठोकायचा:
इथे पोचलो.
इथेही पोचलो.
इथे कसा पोचलो?
एकदा शेवटची पाटी काढायची राहिली
आणि फेब्रुवारीत चारशे घरांच्या बिलांखाली
छापून गेलं: इथे कसा पोचलो?
नेकालातल्या एका म्हाताऱ्यानं पैसे भरले
आणि खाली लिहून पाठवलं,
"मलाही कळत नाही."

मी आलो तेव्हा सहा हजार दोनशे बारा चाचण्या होत्या.
बदल ढकलायचा, अकरा मिनिटं थांबायचं,
हिरवं झालं की जेवायला जायचं.
वाचायचं कशाला?
आता तर कोड यंत्र लिहितं, चाचणीही तेच.
पेपर काढणारा तोच, सोडवणारा तोच,
मी वर्गाच्या दारात उभा शिपाई,
घंटा देतो.

दोन वर्षं एक चाचणी हिरवी होती.
वर्षाच्या मध्यात मीटर बदललं तर काय, हे बघणारी.
दोन वर्षं ती बिलं चुकत होती.
मी पानं छापली (प्रिंटरवर धूळ होती)
आणि ट्रामनं कालेवाला गेलो.
एकोणऐंशी वर्षांची राइली. चष्मा शोधण्यात दहा मिनिटं गेली.
मग बोट ओळीवरून सरकू लागलं,
ओठ हलत होते, आउनेसारखे.
चौदाव्या ओळीवर थांबलं.
"इथे तू उत्तरालाच विचारतोयस, तू तूच ना?
ते हो म्हणणारच."

मी म्हणालो, तुमचीच पद्धत खरी होती.

ती चिडली.
उठली, खणातून एक पाकीट काढलं.
वर नाव: लेम्पी सोर्वारी, पिस्पाला.
अकरा वर्षं, दर तिमाहीला चाळीस पेन्नी जास्त.
अपूर्णांक वर ढकलला जायचा, फक्त तिच्या दरात.
"आउनेनं मोठ्यानं वाचलं होतं. मी खूण केली होती.
तुझ्या हिरव्या दिव्यांनी हे एका रात्रीत पकडलं असतं."
सतरा मार्क साठ पेन्नी घेऊन ती दारात गेली,
तेव्हा लेम्पी वारून आठवडा झाला होता.
पाकिटात पैसे अजून आहेत.
ते नाणंच आता चालत नाही.

परत आल्यावर मी एक चाचणी लिहिली, हातानं.
नाव दिलं: लेम्पी_सोर्वारी.
आधी मुद्दाम चूक घातली, ती लाल झाली.
लाल होते हे बघून बरं वाटलं.
मग चूक काढली.

सहा हजार दोनशे तेरा.
अकरा मिनिटं आहेत हातात.
बाजूला नवी मुलगी बसते, सात्तू.
तिला म्हणालो, हे जरा मोठ्यानं वाचशील?
ती हसली.
"कंससुद्धा?"